पत्ता बदललाय, लिहून घे

नारायणगुड्यात सकाळी लाइट गेली की अख्खी गल्ली लाइटच्या नावाने खडे फोडायची. एकटे हणमंतराव तेवढे खुशीत असत. शेजारचे नामदेवराव गॅलरीतून विचारत, "क्या हो हणमंतराव, पंखा बंद पडला तरी हसू कशाचं येतंय?" हणमंतराव म्हणत, "काही नाही हो," आणि आत जाऊन लाइट यायची वाट बघत बसत.

माणूस जन्मभर ट्रंक कॉलचा ऑपरेटर. लोकांच्या बोलण्यात मध्येच "तीन मिनिटं झाली" म्हणण्यात तीस वर्षं गेली, आणि टेलिफोन हा कामापुरता असतो हे अंगात मुरलं. निवृत्त झाले त्याच वर्षी बायको, तारामतीबाई, वारल्या. एकुलती एक मुलगी योगिनी लग्न होऊन अमेरिकेला गेली. घरात उरले हे, आणि गुजराती गल्लीतून सुटे भाग आणून स्वतः जोडलेला एक कॉम्प्युटर. त्याच्यावर ते इंटरनेटचं आपलं एक पान चालवत. गच्चीवरच्या कुंडीतल्या पेरूचा रोजचा फोटो, आजचं तापमान, खाली एक ओळ: "वरण आज बरं जमलं." जगात कुणालाही ते पान उघडता आलं असतं. उघडायची फक्त योगिनी.

अडचण एवढीच होती की लाइट जाऊन आली की इंटरनेटवाले या कॉम्प्युटरला नवा पत्ता देत. पत्ता म्हणजे चार आकडे. जुन्या आकड्यांवर पान सापडायचं नाही. मग हणमंतराव फोन लावत.

"योगिनी, पत्ता बदललाय. लिहून घे. एकोणसाठ..."

"एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन का सिक्स्टी नाइन, बाबा?"

इंग्रजी शाळेत शिकलेली पोर, मराठी आकड्यांत हमखास अडकायची. हणमंतराव चिडत, समजावत, चारही आकडे तिच्याकडून परत म्हणून घेत. मग ती विचारायची, जेवलात का, गुडघा कसा आहे. तीन मिनिटं झाली की हणमंतराव स्वतःचाच कॉल तोडत. पण तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा.

दिवाळीला योगिनी आणि जावई आले. पुण्याचा कौस्तुभ गुणी मुलगा, फक्त त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत. त्याने कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्रॅम टाकला.

"बाबा, आता पत्ता कितीही बदलू दे. नवे आकडे हा आपणहून कळवेल. आम्ही नुसतं तुमचं नाव टाइप करायचं. तुमची फोन करायची कटकटच संपली."

हणमंतराव "वा!" म्हणाले. बिचारे दुसरं काय म्हणणार?

पाहुणे गेले आणि कटकट खरंच संपली. लाइट जायची, यायची, पत्ता बदलायचा, नाव तेच राहायचं. फोन करायला काम उरलं नाही, आणि कामाशिवाय फोन कसा करतात हे या गृहस्थाला कुणी शिकवलंच नव्हतं. तिकडे पोरीला वाटत होतं, पानावर रोज ओळ येतेय, म्हणजे बाबा मजेत आहेत. पान कुणी उघडलं याची कॉम्प्युटरमध्ये नोंद व्हायची. रोज सकाळी सातच्या सुमारास अमेरिकेहून एक नोंद असायची. पोर दाराशी येऊन, आत डोकावून, न बोलता परत जात होती. असे एकवीस दिवस गेले. हणमंतरावांना इतकं एकटं तारामतीबाई गेल्या तेव्हाही वाटलं नव्हतं. एकदा त्यांनी पानावर "करमत नाही" असं लिहिलं, मग ते खोडून "आज ढगाळ" लिहिलं.

बाविसाव्या दिवशी सकाळी लाइट गेली ती आठला आली. हणमंतरावांनी नवे आकडे कागदावर उतरवले, चष्मा पुसला आणि फोन लावला.

"योगिनी, पत्ता बदललाय. लिहून घे."

पलीकडे कीबोर्डचा आवाज झाला. नाव टाइप केलं, पान उघडलं असणार. बहाणा उघडा पडला म्हणून हणमंतरावांचे कान गरम झाले. फोन ठेवून द्यावासा वाटला.

"थांबा बाबा." योगिनी म्हणाली. "पेन घेते. हौ, सांगा आता."

"एकोणसाठ."

बाकीचे आकडे बदलत. हा पहिला दोन वर्षांत एकदाही बदलला नव्हता, आणि योगिनीने तो शंभरदा तरी लिहून घेतला होता.

"एकोणसाठ म्हणजे," तिने विचारलं, "फिफ्टी नाइन का सिक्स्टी नाइन?"

हणमंतरावांनी खुर्ची ओढली, बसले, आणि पन्नासपासून एकेक आकडा सावकाश म्हणायला लागले. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.