भिंतीवरची खोडलेली ओळ

गुरुजी गेल्याचं मुक्ताताईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी तेलगावच्या छापखान्यात पत्रकांचा गठ्ठा बांधत होते. "गुरुजी गेले गं. झोपेतच," ती म्हणाली. आणि मग, "आता त्या भिंतीचं काय करतेत बघ." महिना उलटला. गुरुजी किती थोर होते, हे सगळे सांगतात. भिंतीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते आहे.

शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या गावात विश्वंभर गुरुजी विज्ञान शिकवायचे. साप चावला की माणसाला देवळात लिंबाच्या पाल्यावर निजवण्याचा तो काळ. गुरुजींनी त्याविरुद्ध पत्रकं काढली, शिव्या खाल्ल्या आणि शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं निळ्या रंगात लिहिलं : 'साप चावला तर देवळात नको, दवाखान्यात चला. जखमेच्या वर दोरी घट्ट बांधा.' मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या पत्रकांवरच; पुढं ती पत्रकं मीच लिहू लागले. विज्ञानानं सांगितलं म्हणजे विषय संपला, असं मला वाटायचं.

मुक्ताताई माझ्या थोरल्या बहिणीच्या वर्गातली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाऊ लागली. एका हंगामात उसाच्या फडात तिच्या मनगटाला साप चावला. ती घाबरली नाही. गुरुजींनी शिकवलं होतं तशी तिनं नवऱ्याकडून दंडाला दोरी आवळून घेतली. दवाखाना लांब होता. जीव वाचला, पण उजवा हात कोपरापासून काढावा लागला. दोरीनं रक्त अडलं आणि हात गेला, असं डॉक्टर म्हणाले. आता बांधत नाहीत, हात हलू न देता तडक दवाखान्यात आणतात.

गुरुजी तिला भेटून आले आणि ओट्यावर बसून राहिले. मी म्हटलं, "तेव्हा पुस्तकातच तसं होतं. तुमचा काय दोष?"

"पुस्तक बदललं तवा मी नव्या पोरांना नवा धडा शिकवला," ते म्हणाले. "जुन्या पोरांकडं कोण गेलं? ती तर दोरी घेऊन फडात गेलती."

हे ग्रामसभेत सांगायचं त्यांनी ठरवलं. मी भांडले. देवळावाले टपून बसलेत, आपल्या इतक्या वर्षांच्या कामाची माती होईल, असं मी म्हटलं. "मग त्यांच्यात आन आपल्यात फरक काय राहिला, पोरी?" एवढंच त्यांनी विचारलं.

ग्रामसभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी चूक शिकवलं." मागून कुणीतरी बोललं, "मग आमचा देवच बरा की, गुरुजी. लिंबाचा पाला हात तरी तोडत न्हाई." लोक हसले. मुक्ताताई हसली नाही; तिनं विचारलं, "आज म्हणता बांधू नका. उद्या आनखी काय सांगताल?" गुरुजी म्हणाले, "जे कळंल ते. पण या बारीला सगळ्यांना सांगंन."

त्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या दिवसांत ते ट्रॅक्टरपाशी उभे राहून एकेकाला सांगत, दोरी बांधू नका. आणि पुढच्याच पावसाळ्यात एका घरानं साप चावलेल्या म्हाताऱ्याला दवाखान्याऐवजी देवळात नेलं. "इज्ञान चुकतं, हे गुरुजीच म्हणले न्हाई का?" म्हातारा गेला. मी रागानं विचारलं, "सांगायला नको होतं ना?" दुसऱ्या दिवशी ते आपणहून म्हणाले, "मुक्ताचा हात बी माझ्या नावावर धर, आन म्हातारा बी." खरं बोलल्यामुळे माणूस मरतो, हे कुठल्या पत्रकात मांडायचं? त्यांच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

आता ग्रामपंचायतीला ती भिंत रंगवून तिच्यावर गुरुजींचं चित्र काढायचंय. रंगारी आले तेव्हा मुक्ताताई भिंतीसमोर उभी राहिली. "चित्र दुसरीकडं काढा. हे पुसायचं न्हाई."

दोरीची ओळ तिथं अजून आहे, तिच्यावर गुरुजींनी मारलेली लाल रेघ आहे आणि खाली त्यांच्याच हातचं : 'ही ओळ चुकली. दोरी बांधू नका. हातपाय न हलवता लगेच दवाखाना गाठा.' त्याच्याखाली हातभर कोरी जागा. ते लिहीत असताना रंगाचा डबा मी धरला होता. इथं एखादी घोषणा टाकू या, असं मी सुचवलं. "राहू दे," ते म्हणाले. "आनखी काय कळलं तर लागंल."

मी आजवर एकाही पत्रकात कोरी जागा सोडलेली नाही. येता-जाता नजर मात्र तिथंच जाते, आणि मला ती बघवत नाही.