आधी कैची, मग इन्शाअल्लाह

शिलाईच्या दुकानात दोन गोष्टी न मागता जमतात. कतरण आणि किस्से! कतरण आम्ही उश्यांत भरतो. किस्से कुठं भरायचे? म्हणून लिहून राहिली.

कुडव्यात आमचं दुकान. मशिनी चार, बाया चार, त्यातलीच एक मालकीण, रुबिना आपा. मी सुनंदा, चौथी पास. पण ब्लाउजच्या गळ्यात माझा हात धरणारी तालुक्यात नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही!

*

"कधी देता?" असं कोणी विचारलं की आपा म्हणणार, "इन्शाअल्लाह, शुक्रवारी." म्हणजे, अल्लाची मर्जी असली तर. नव्या गिऱ्हाइकाला वाटते, गेला आपला ब्लाउज!

पटलेबाई तर भडकल्याच. पोरीचं साक्षगंध तोंडावर. "मर्जी ठेवा बाजूले! मले तारीख सांगा!"

आपानं कपडा उलगडून दाखवला. कटिंग झालेलं, बाह्या जोडलेल्या. "बाई, माझ्या हातचं केलं. उरलं त्याच्या हातचं, तेवढंच बोलली."

शुक्रवारी ब्लाउज तयार! आता पटलेबाई कपडा टाकतानाच विचारतात, "आपा, इन्शाअल्लाह कधी?"

*

मले हा शब्द लय आवडला. एका बाईच्या कपड्याची घडीही मोडली नव्हती. ती दारात दिसली आणि मी ठोकून दिलं, "इन्शाअल्लाह, उद्या!"

ती गेली. आपाची मशीन थांबली.

"सुनंदा, कपडे को कैंची लगाई?"

"नाही."

"तो अपने आलस पे अल्ला का नाम कायको लगाई?"

दोन दिवस मी तिच्याशी बोलली नाही. बरोबर तिचंच होतं, म्हणून जास्तच राग आला! तेव्हापासून दुकानाचा नियम झाला: आधी कैची, मग इन्शाअल्लाह. आम्ही तीन हिंदू बायाही तोच पाळतो.

*

आपाची पोरगी सना नर्सिंग शिकली. परदेशातल्या दवाखान्याचा इंटरव्ह्यू होता, मोबाईलवर, सगळा इंग्रजीत. इंग्रजीच्या क्लासातल्या सरांनी तिला बजावलं, इंग्रजीत इन्शाअल्लाह म्हणू नको. तिकडं लोक काम टाळायचं असलं की हाच शब्द वापरतात.

सनानं हे दुकानात सांगितलं. आपाचा चेहरा उतरला. "हमारा लफ्ज अंग्रेजी में जाके झूठा हो गया?"

मी म्हटलं, "त्या इंग्रजीवाल्याईले पाठव इकडं! दोन दिवसांत अर्थ शिकवते!"

"काकू, नोकरी गेली तर? मी नाही म्हणणार."

आपा सुईत दोरा ओवत बसली. सुईत आधीच दोरा होता.

*

तयारी घ्यायला साहेब मीच झाली. गळ्यात टेप, समोर सना. मले इंग्रजी येते एकच, "नेक्स्ट!" तिनं उत्तर दिलं की मी म्हणायची, "नेक्स्ट!"

"काकू, काही समजलं तरी का?"

"नाही. पण तुझा आवाज कापून राहिला, ते समजलं. पुन्हा!"

आठव्यांदा आवाज कापला नाही. मग मी तिला चहा दिला.

*

घरी नेटवर्क नाही, म्हणून इंटरव्ह्यू दुकानातच झाला. मशिनी बंद. आम्ही चौघी ट्रायलच्या पडद्यामागं. कोण काय बोललं ते सनानं मागून सांगितलं, तसंच लिहिते.

मोबाईलमधल्या साहेबांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात येऊ शकाल?"

"यस सर." सनानं पडद्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "इन्शाअल्लाह."

आपानं माझं मनगट आवळलं.

साहेब म्हणाले, "हे हो समजू, की नाही?"

सना उठली. कटिंगच्या टेबलाखालून तिनं बॅग ओढली, आम्हीच शिवलेली. मोबाईलसमोर उघडली. पासपोर्ट, सर्टिफिकेटं, इस्त्री केलेले दोन युनिफॉर्म. "सर, माझ्या हातचं मी केलं आहे. उरलेल्यासाठी तो शब्द आहे."

साहेब हसले आणि म्हणाले, "वी विल सेंड द टिकट, इन्शाअल्लाह!"

टिकट समजलं. इन्शाअल्लाह तर समजतेच. मी पडदा सारला आणि मोबाईलसमोर उभी राहिली.

"ओ साहेब! आधी टिकट काढा, मंग म्हणा!"