विलंबातला धोका

मॅडमना बसलेलं मी फार कमी पाहिलं. ठाण्याच्या कोर्टात चहासुद्धा उभ्यानं, तोंड भाजत प्यायच्या. आम्ही ज्युनिअर एखादं काम उद्यावर टाकू लागलो की ओरडायच्या, "पेरिक्युलम इन मोरा!" लॅटिनमध्ये पेरिक्युलम म्हणजे धोका, मोरा म्हणजे विलंब. थांबलो तर भरून न येणारं नुकसान होईल, असं सांगून कोर्टाकडे तातडीचा स्टे मागताना हे शब्द वापरतात.

डोंबिवलीच्या एका जुन्या इमारतीतले भाडेकरू असाच स्टे मागायला आले. इमारत धोकादायक म्हणून रिकामी करायची नोटीस लागली होती. "एकदा बाहेर पडलो की मालक परत घेणार नाही," लेलेकाका म्हणाले. भीती खोटी नव्हती. अर्ज तयार झाला. सुनावणीच्या आदल्या दिवशी मॅडम मला म्हणाल्या, "चल, घर तरी बघून येऊ."

लेल्यांचं दार लागत नव्हतं. "सारखं अडकतं हो," काकू म्हणाल्या, "दोनदा रंधा मारून घेतला."

मॅडमनी चौकटीवर हात फिरवला. "काकू, दार फुगलेलं नाही. भिंत खचतेय."

मग काकांकडे वळल्या. "उद्या मी स्टे मागणार नाही. परत जागा देण्याची मालकाकडून लेखी हमी मागते. तुम्ही आजच निघा."

"तुम्ही आमच्या वकील की मालकाच्या?" काका ओरडले.

"तुमचीच. बाहेर पडण्यात धोका आहेच. आत थांबण्यात जीव जाईल."

दोघातिघांनी तिथल्या तिथे वकील बदलायची भाषा केली. मॅडम मात्र घरोघरी बेल वाजवत फिरल्या. लोक शिव्या देत देत निघाले. काकूंची शेगडी मॅडमनी स्वतः खाली आणली.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, जिन्यासकट मागची बाजू कोसळली. आत कुणीही नव्हतं.

हमी मिळाली, पण इमारत अजून उभी राहिलेली नाही. लेले टिटवाळ्यात भाड्यानं राहतात. काकांनी मॅडमशी बोलणंच टाकलं. ते मॅडमना लागलं होतं. "दुसरं काही करता आलं असतं का रे?" असं मध्येच विचारायच्या.

शेवटच्या आजारपणातही हाच प्रश्न. एका संध्याकाळी काकू हॉस्पिटलात आल्या आणि मॅडमचा हात हातात घेऊन बसल्या.

"हे अजून तुमच्या नावानं बोटं मोडतात," त्या म्हणाल्या.

"मोडू देत."

"मोडायला हे आहेत, म्हणून तर आलेय मी."

मॅडमनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं त्यांना शांत झोप लागली.