कोमट झालेली पिशवी

सिस्टरची जीभ तिखट होती. अठरा वर्षं मोठ्या रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून गुडघे बोलायला लागले, तेव्हा ती ह्या त्वचेच्या दवाखान्यात आली. "तिकडे माणूस जगावा म्हणून सुई टोचायचे, इकडे फोटो चांगला यावा म्हणून," असं ती तोंडावर म्हणायची आणि डॉक्टर हसण्यावारी न्यायचे, कारण तिच्या हाताला तोड नव्हती. गालाला फिलर, म्हणजे कातडीखाली सुईने भरायची जेली, ओठाला फिलर, डोळ्याखालच्या खळगीला, मुरमांच्या जुन्या खड्ड्यांना फिलर. सुई काढली की सिस्टर त्या जागी बोट दाबून सोडायची आणि मोजायची. एक, दोन. एवढ्यात कातडीचा रंग परतला पाहिजे. नाही परतला तर फिलर रक्तवाहिनीत गेलं, रक्त अडलं. मग वेळेवर उपाय झाला नाही, तर तेवढी कातडी काळी पडून मरते. पुढचा सगळा खेळ वेळेचा.

त्या दुपारी हेडबाई आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका, महिन्याभरात निवृत्त होणाऱ्या. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतच्या दोन घड्या त्यांना नको होत्या.

"तीस वर्षं पोरं म्हणतायत, बाई रागावल्यात. निरोप समारंभाला तरी हसरी दिसू दे मला," त्या म्हणाल्या. "पण घरी कुणाला कळता कामा नये हं, सिस्टर. सुनेला तर मुळीच नाही."

डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना टोचलं. सिस्टरने लगेच बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून उजव्या घडीवर धरली, कारण तिथे जरा सुजल्यासारखं वाटत होतं. पिशवी काढली तर नाकपुडीजवळची कातडी पांढुरकी दिसली. डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले, "बर्फाने झालंय, उतरेल." सिस्टरलाही ते पटलं. बर्फ तिनेच तर धरला होता! त्या दिवशी तिने बोट दाबलं नाही, मोजलंही नाही. दुखत होतं का म्हणावं, तर फिलरमध्येच भूल असते; हेडबाईंना काहीच जाणवत नव्हतं. त्यांनी चेहऱ्याभोवती ओढणी गुंडाळली आणि निघाल्या.

दहा मिनिटांनी सिस्टर टेबल आवरायला गेली. हातमोजे काढले, पिशवी उचलली. पिशवी कोमट होती. आधीच्या पेशंटला लावलेली, तासभर बाहेर पडलेली पिशवी तिने पुन्हा वापरली होती. हातमोज्यातून आणि कापडाच्या घडीतून तिला ते कळलंच नव्हतं. मग ती कातडी पांढरी पडली कशाने?

तिने फॉर्मवरचा नंबर लावला. पलीकडून कुणी पुरुष खेकसला, "चुकीचा नंबर!" अगं बाई! घरी कळू नये म्हणून चेहऱ्याची गिऱ्हाइकं भलताच नंबर लिहितात, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण जाताना बाई म्हणाल्या होत्या, समोरच्या गल्लीत शिंप्याकडे समारंभाच्या कपड्यांचं माप द्यायचंय. सिस्टर तशीच एप्रनवर पळाली. बोलणारे गुडघे ओरडायला लागले, तरी पळाली.

शिंपी टेप घेऊन उभा होता आणि हेडबाई आरशासमोर, ओढणी तशीच तोंडावर.

"बाई, माझ्याबरोबर चला. आत्ता."

हेडबाईंचा चेहरा पडला. शिंप्याची दोन्ही मुलं त्यांच्या शाळेत होती. "कोण तुम्ही? मी ओळखत नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"ओळख नंतर सांगा. ओढणी काढा."

"मॅडम, काय भानगड आहे?" शिंप्याने विचारलं.

"काही नाही हो. भलत्याच कुणाला शोधतायत त्या." हेडबाई दाराकडे सरकल्या.

सिस्टर दारात आडवी उभी राहिली. जीभ सरळच चालली. "बाई, अब्रू परत मिळते. नाक मिळत नाही. बघा आरशात."

हेडबाईंनी ओढणी सोडली. नाकपुडीभोवती पांढऱ्यात निळसर जाळी उमटली होती. सिस्टरने बोट दाबलं, सोडलं. एक. दोन. तीन. चार. पाच. शिंप्याच्या हातातली टेप खाली गेली. सहा. रंग काही परतेना.

"चला," हेडबाईच म्हणाल्या.

डॉक्टर दारातच भेटले. "अहो सिस्टर, बर्फाने..."

"बर्फ नव्हताच, डॉक्टर. पिशवी वितळलेली होती. चूक माझी, मी हात लावून बघितली नाही. फिलर विरघळवणारं इंजेक्शन काढा आधी. मला काय बोलायचं ते मागून बोला."

हेडबाईंनी ते शब्द ऐकले. डॉक्टरांचा रंगही उडाला, पण त्यांनी वाद घातला नाही. इंजेक्शन दिलं, सिस्टरने गरम कापड ठेवलं, अंगठ्याने जागा चोळली. बोट दाबून मोजलं: पाच. अर्ध्या तासाने पुन्हा इंजेक्शन. चार. हेडबाईंच्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळत होतं आणि सिस्टर मनात देवाला हवं ते कबूल करत होती. तिसऱ्या इंजेक्शननंतर जाळी पुसट झाली. तीन. मग कितीतरी वेळाने, नाकपुडीच्या कडेला रंग भरून आला. दोन.

डॉक्टर खुर्चीत बसले ते बसलेच. "वाचलं बहुतेक," ते म्हणाले. "पण अजून काही तास बघत राहावं लागेल. सिस्टर, तुम्ही जा घरी. दमलात. दुसऱ्या नर्सला बसवतो."

सिस्टर खाली मान घालून एप्रनची गाठ सोडायला लागली. जावंसं वाटत नव्हतं, पण थांबायचा हक्क तरी कुठल्या तोंडाने सांगणार?

"डॉक्टर," हेडबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. उजवीकडची घडी जशीच्या तशी परत आली होती, आणि आवाज अगदी वर्गातला होता. "ह्यांनाच बसू द्या. नव्या नर्सची चूक मी कशाला अंगावर घेऊ? ह्या आज चुकल्यात ना, ह्या आता डोळा मिटणार नाहीत."

सिस्टरने एप्रनची गाठ पुन्हा बांधली आणि स्टूल पलंगाजवळ ओढलं.