बाबांची केशरी दोरी

पेट्रोलने सगळं स्वच्छ होतं, असा माझा पक्का समज होता.

आमचे बाबा जन्मभर बोदलकशाच्या तलावावर बांबूच्या काठीला गळ बांधून मासे धरत आले. मग कॅनडातल्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याने, त्यांना तिकडची मासे धरायची छडी पाठवली. तिची दोरी केशरी, जाड, गुळगुळीत, पाण्यावर तरंगणारी. टोकाच्या गळावर पिसांचा खोटा किडा. बाबा रोज सकाळी अंगणात ती डोक्यावरून सपसप फिरवायचे. आमच्या कोंबड्या आठ दिवस अंडी द्यायला विसरल्या!

दोन वर्षांनी ताई-भाऊजी आमच्याकडे तिरोड्याला यायचे ठरले. दोरी मळली होती. म्हटलं, बाबांना खूश करू. मोटरसायकलची चेन पुसतो तसं पेट्रोलचं फडकं घेतलं आणि रगडलं. दहा-बारा हात दोरी पुसून होते तोच केशरी रंग फडक्यावर आणि दोरीची सालटी माझ्या मांडीवर!

"काय करून राहिला रे?" आतून आई.

"काही नाही, साफसफाई!" (खोटं नव्हतं. दोरी साफ झालीच होती.)

बाजारात धावलो. दुकानदाराने मासे धरायचा बारीक तंगूस, काचेसारखा नायलॉनचा धागा, पुढे केला. "भैया, यही चलता है."

"नही, मोटा चाहिये. और केसरी."

गवंडी विटांचा थर सरळ ठेवायला ताणतात ती नायलॉनची दोरी त्याने काढली. रंग हुबेहूब! घरी येऊन छडीच्या चाकावर गुंडाळली, टोकाला तोच किडा बांधला, जुनी तांदळाच्या कोठीमागे लपवली आणि गाढ झोपलो.

ताई-भाऊजी आल्यावर सगळे तलावावर. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्यांच्या मागे, मोबाइलवर व्हिडिओ काढत. बाबांनी छडी मागे नेली, झपकन पुढे मारली. दोरी पुढे गेलीच नाही! (या प्रकारात वजन दोरीलाच असतं आणि तीच गळाला पुढे नेते, नायलॉनची हलकी दोरी नाही, हे ज्ञान मला नंतर मिळालं.) माझ्या पँटीला मागून काहीतरी टोचलं.

"झाडात अडकली वाटते!" बाबांनी मागे न बघता हिसका दिला.

"बाबा, झाड नाही, मी आहे!"

"मंग तू काऊन ओढून राहिला?"

भाऊजींनी मला सोडवलं आणि दोरी बोटांत फिरवून पाहिली. "बाबा, ही तर गवंड्याची आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तलावात घर बांधून राहिला काय बे?"

मी सगळं कबूल केलं. आता शिव्या, म्हणून मान खाली घातली. पण बाबांनी हळूच एवढंच विचारलं, "जुनी फेकली तं नाही ना?"

त्या आवाजाने मला पेट्रोलपेक्षा जास्त सोललं.

संध्याकाळी ओसरीत भाऊजींनी खराब झालेला तुकडा कापला आणि पेनाच्या रिकाम्या रिफिलीवर वेढे देऊन चांगल्या टोकाला तंगूस बांधला. बाबा उरलेली दोरी मांडीवर घेऊन, बोटाने चाचपत बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना बोटभर मासोळी लागली. ती पाच जणांत कशी वाटायची यावर जेवण होईपर्यंत वाद चालला!

आता बाबांचे गुडघे काठापर्यंत उतरू देत नाहीत. ते वर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, खुर्ची टाकून बसतात, छडी मला देतात आणि ओरडतात, "कानापाशी घे! कायले घाई करून राहिला?" मला ते ओरडणं फार आवडतं.

बोदलकशाला मी आजवर एकही मासा पकडलेला नाही. पकडला मात्र गेलो आहे, आणि त्याचा व्हिडिओही माझ्याच मोबाइलमध्ये आहे!