मांडीवरचं लग्न

दारव्ह्याच्या आमच्या स्टुडिओत दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. कॅमेरे, स्टँड, ड्रोन, लाइट, सगळे अंघोळ केल्यासारखे पुसून पाटावर येतात आणि वहिनी, म्हणजे स्टुडिओवाल्या भाऊंच्या पत्नी, एकेकाला हळदकुंकू लावतात. मी मूळची कोकणातली. आठवीनंतर शाळा सुटली, मावशीबरोबर इकडे आले. मावशीच्या नवऱ्याची बदली झाली तसे ते लोक पुढे गेले, आणि मी भाऊंच्या घरामागच्या खोलीत राहिले ती राहिलेच. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग मला भाऊंनी शेजारी बसवून शिकवलं. त्यांचे उपकार फार, म्हणून भीतीही फार. स्टुडिओत काही बिघडलं की वाटतं, आता मला गावी धाडतात. असं ते कधीही म्हणालेले नाहीत.

त्या दसऱ्याला भाऊंच्या मनात आलं, की आपला खरा राबणारा गडी तर डबा आहे! डबा म्हणजे चार हार्ड डिस्क शेजारी शेजारी बसवलेली पेटी. सगळं शूटिंग त्यातच. चारांतली एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातलं परत काढता येतं, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्यावर भाऊ निवांत झोपत. उन्हाळ्यापासून डब्यावर एक पिवळा दिवा लुकलुकत होता. डोळ्यांना त्रास होतो म्हणून वहिनींनी त्याच्यावर टिकली चिकटवून टाकली होती.

भाऊंनी डबा बंद करून चारही डिस्क ओढून काढल्या. वहिनींनी त्यांना ओलं कुंकू लावलं, झेंडू वाहिला, अक्षता टाकल्या. नव्या नवऱ्या बसवाव्यात तशा दिसत होत्या चौघी. पूजा झाल्यावर हाताला येतील तशा परत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी डबा चालू केला, तर शूटिंगचं एकही फोल्डर दिसेना. कॉम्प्युटरच्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आणि खाली दोन बटणं.

"यस दाब ना," भाऊ मागून म्हणाले.

मला इंग्रजी धड येत नाही, आणि जे वाचता येत नाही त्याच्यावर बोट ठेवायला माझा जीव धजत नाही. मी यस दाबायचं सोडून भिंतीवरचा स्विचच बंद केला.

"काहून बंद केलं?"

"भीती वाटली, भाऊ."

"तुले कशाची भीती वाटत नाई, ते एक डाव सांगून दे मले," म्हणत भाऊ खुर्चीत बसले. मग त्यांचाही चेहरा उतरला, कारण दोघांच्याही मनात एकच लग्न आलं.

बाकीच्यांची लग्नं आम्ही केव्हाच देऊन टाकली होती. राहिलं होतं ते जीपवाल्या काकांच्या मुलीचं. काका दारव्हा-यवतमाळ सवारी जीप चालवतात. लग्न मे महिन्यातलं, पण काकू दर बाजाराच्या दिवशी स्टुडिओत येऊन गाणं बदलायला लावत. त्यांचंही बरोबर होतं. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट कोरी निघाली होती. "बाकीच्यायच्या घरी पाहुणे आले का कॅसेट लावत," त्या सांगायच्या, "आमच्या घरी मी तोंडानं सांगत जावो, असं झालं अन् तसं झालं." आता मुलगी-जावई पहिल्या दिवाळसणाला येणार होते, सासरची मंडळीही येणार होती, आणि त्यांना व्हिडिओ दाखवायचा होता. दिवाळीच्या आधी देते, असा शब्द मी दिला होता.

यवतमाळात एक जण बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देतो असं कळलं. डबा गोधडीत गुंडाळून आम्ही स्टँडवर गेलो. जीपच्या रांगेकडे मी बघतही नव्हते. पण एसटी येईना, आणि काकांनीच हाक मारली, "या ना भाऊ, दोन सीट खाली हायेत!" आत पाहते तर पुढच्या सीटवर काकू. दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या.

"काय हाय वो त्या गोधडीत? लेकरू निजवल्यासारखं धरलं तं."

भाऊ खिडकीबाहेर बघू लागले. माझ्याच्याने खोटं बोलवेना. "काकू, तुमच्या मुलीचं लग्न आहे," मी म्हणाले, आणि काय झालंय ते सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. काकूंनी मागे वळून हात पुढे केले. "दे इकडं." डबा त्यांनी मांडीवर घेतला, वरून पदर घातला आणि काकांना म्हणाल्या, "खड्ड्यात घातली ना गाडी, तं आज घरी जेवाले येजा नका."

इतकी हळू जीप त्या रस्त्याने कधी गेली नसेल. मागची एक सवारी कुरकुरली, तेव्हा काकू म्हणाल्या, "लगन हाय बापा मांडीवर. तुमची काय कोर्टात तारीख हाय का?"

खरेदी बाजूला ठेवून काकूही आमच्याबरोबर आल्या. यवतमाळच्या दुकानदाराने डिस्क बाहेर काढल्या आणि चष्मा वर केला. "हे काय, रक्त?"

"कुंकू," भाऊ हळूच म्हणाले.

"डिस्कच्या दातात?"

टिकलीखालचा दिवा ज्या डिस्कचा होता, ती उन्हाळ्यातच गेली होती, त्याने सांगितलं. दुसरीच्या पिनांत ओलं कुंकू जाऊन सुकलं होतं, म्हणून ती मुकी झाली होती. "एक मेली तर चालते. दोन गेल्या का डबा उघडत नाई. पण ही दुसरी मेली नाई, तुमच्या भक्तीनं गप बसली." ब्रश आणि स्पिरिटने त्याने तिचे दात घासले. मग विचारलं, "पडद्यावर काही विचारलं होतं का? यस दाबलं?"

"नाही."

"वाचले. दाबलं असतं तं डबा कोरा होऊन नव्यानं सुरू झाला असता."

'कोरा' म्हटल्यावर काकूंनी कपाळाला हात लावला. खाली टपरीवर भाऊंनी आलुबोंडे मागवले आणि स्वतःच्या प्लेटमधला एक माझ्या प्लेटमध्ये टाकला. "खाय. भेत जाय अशीच."

तो आलुबोंडा मला अजून आठवतो.

दुकानदार मूळ डिस्कवर काम करत नाही. आधी तो जिवंत असलेल्या प्रत्येकीची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवतो आणि पुढची खटपट नकलेवर करतो. दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन आला. काकू आमच्या आधी जीपमध्ये बसून होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा तो पूजेनंतर उलटसुलट बसलेल्या डिस्कचा मूळ क्रम शोधत होता, कारण एकेका फोटोचे तुकडे चौघींवर वाटलेले असतात. क्रम लावायचा, एखादा फोटो उघडून बघायचा, चुकला की दुसरा लावायचा. एक फोटो उघडला. वर नवरीचं कपाळ आणि मुंडावळ्या, मधल्या पट्टीत भाताचं पातेलं, खाली काकांच्या मिशा.

"अगं माय, काय केलं हे माह्या पोरीचं!" काकू ओरडल्या.

"क्रम चुकला काकू, थांबा."

पुढच्या खेपेला मुंडावळ्या काकांच्या मिशांवर आल्या. काका दाराशी उभे होते, ते लाजले. आणखी काही खेपा झाल्या, आणि अचानक नवरी कपाळापासून हनुवटीपर्यंत एका तुकड्यात पडद्यावर आली. मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच चार्जरची वायर गुंडाळत बसले.

मग व्हिडिओ लावला. नेमकं आलं ते पंगतीचं. काकू कंबर कसून वाढप्याला झापत होत्या, "व्याह्यायच्या पानात बुंदी दिसत काहून नाई?"

"हे मी काढून टाकते," मी म्हणाले.

"काढजो नको! अन् गाणंबिणं काही टाकू नको आता. जसं हाय तसं दे, आजच्या आज." उन्हाळ्यापासून ज्या गाण्यांपायी अडलं होतं, ती सगळी एका वाक्यात उडाली. लग्नाला आलेल्या एका पुढाऱ्याचं भाषण तेवढं बिघडून हिरव्या चौकोनांत गेलं होतं. त्यासाठी कोणी हळहळलं नाही.

काकूंनी तीन पेन ड्राइव्ह भरून घेतले. एक घरी, एक मुलीला, एक नेरला भावाकडे. "आमच्या घरात जे एकच असते, ते सापडत नाई," त्या म्हणाल्या. भाऊंनी त्याच दिवशी दुसरा डबा घ्यायचं ठरवलं.

दिवाळसणाला काकूंनी मलाही जेवायला बोलावलं. जेवणं झाली, टीव्हीवर लग्न लागलं, सासरची मंडळी चटईवर बसली. पण काकू टीव्हीच्या अगदी पुढ्यात उभ्या. लग्नाच्या दिवशी बिचाऱ्या मांडवात कमी आणि कोठीच्या खोलीत जास्त होत्या. मंगळाष्टकं सुरू झाली आणि त्या आणखी पुढे सरकल्या.

"आई, बाजूला हो ना, दिसून नाई राह्यलं," मुलगी म्हणाली.

"तू तं पाह्यलं तुह्यं लगन," काकू मागे न बघता म्हणाल्या, "मले पाहू दे."