ट्रकसाठी लिहिलेला बायोडाटा

पौषातल्या दुपारी डहाणूजवळच्या आमच्या नरपडच्या चिकूवाड्यांमधून एक गोडसर, किंचित आंबूस वास दरवळत असतो. झाडाखाली गळून पडलेल्या, कुणी न वेचलेल्या चिकूंचा तो वास. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात तो मिसळला की उन्हालासुद्धा चव येते, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. अशाच एका दुपारी ओट्यावर पाट घेऊन, मांडीवर कोरा कागद ठेवून मी माझा बायोडाटा लिहायला बसले. मला ट्रक चालवायचा होता, आणि तलासरीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठनी फोनवर सांगितलं होतं की आधी कागद आणून दाखवा, मग बोलू.

तोवर माझं आयुष्य फुग्यांत गेलं होतं. डहाणूला फुगे बनतात हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हमखास हसतो, जणू फुगे झाडाला लागत असावेत. रबराच्या पांढऱ्या चिकात रंग कालवायचा, साचे त्यात बुडवून वर काढायचे, फुग्याच्या तोंडाची कडा वळवायची. अमोनियाच्या उग्र दर्पाने डोळे चुरचुरत असतानाही समोर ओळीने वाळणारे लाल, पिवळे, मोरपंखी थेंब पाहून मन उगाच उल्हसित व्हायचं. हाताने हे काम करता करता मी सुपरवायझर झाले. कारखाना बंद पडला नाही, मला कुणी काढलं नाही, कसलंही संकट कोसळलं नाही. झालं इतकंच, की होळीच्या ऐन गर्दीत कारखान्याच्या टेम्पोचा ड्रायव्हर तापाने आडवा झाला आणि हलक्या गाडीचं लायसन्स होतं म्हणून त्याच्या जागी मी बसले. छतापर्यंत खोकी भरलेला तो टेम्पो, पण वजन म्हणाल तर नाहीच. खाडीवरचा वारा त्याला कागदासारखा हलवत होता. तेव्हाच मनात आलं, ज्याला खरंखुरं वजन आहे असं काहीतरी एकदा वाहून न्यावं. ती इच्छा पुढे काही केल्या शमेना. मी रीतसर शिकले, अवजड वाहनाचं लायसन्स काढलं, आणि ते मिळालं त्या दिवशी फुगेवाल्या बायांना जिलेबी वाटली.

लायसन्स मिळणं सोपं होतं, गाडी मिळणं अवघड. आधी दोन ठिकाणी जाऊन आले होते. दोन्हीकडे माझे यजमान, सुधीर, सोबत होते, आणि दोन्हीकडे मालकाने माझ्या हातातलं लायसन्स त्यांच्याच तोंडासमोर धरून विचारलं, "किती वर्षं चालवताय?" सुधीर चिकूच्या वाडीत रमणारे, सायकलवरसुद्धा जपून बसणारे गृहस्थ. ते बिचारे माझ्याकडे बोट दाखवत, आणि तिथेच बोलणं संपत असे. संताप यायचा. घरी येऊन भांडी जरा जोरात आपटली जायची. म्हणून तिसऱ्या ठिकाणी एकटीनेच जायचं ठरवलं. इथेही जमलं नाही तर पुन्हा फुग्यांची तोंडं वळत बसायचं, हेही मनाशी पक्कं केलं होतं.

बायोडाटा लिहिणं मला नवं नव्हतं. माझं अक्षर बरं, त्यामुळे आमच्या आळीतल्या लग्नाच्या मुलामुलींचे बायोडाटे वर्षानुवर्षं माझ्याकडेच येतात. कुणाचा सावळा रंग निमगोरा करणं, कुणाचं अर्धवट शिक्षण 'चालू' ठेवणं, ही माझी खास कसबं. हाताला इतकी सवय झालेली, की लेखणी टेकली की पाणी उताराला लागावं तसं ते सगळं आपोआप उतरू लागतं. त्या दुपारीही तसंच उतरलं. वाडीतून कोकिळेसारखं काहीतरी अवेळी ओरडत होतं, उन्हाचे कवडसे कागदावर हलत होते, आणि मी आपल्याच आयुष्यात रमून गेले होते. सुधीरनी घरात जाता जाता वाचलं आणि 'छान झालाय' म्हणाले. त्यांनीही आजवर दुसऱ्या तऱ्हेचा बायोडाटा कधी पाहिला नव्हता.

तलासरीचं ते ऑफिस म्हणजे हायवेलगतची एक पत्र्याची खोली. बाहेर डिझेलचा, तापल्या रबराचा आणि कुठूनतरी येणाऱ्या वाळल्या गवताचा वास. शेठ साठीचे, गुजराथी वळणाचं मराठी बोलणारे. त्यांनी चष्मा लावला आणि कागद मोठ्याने वाचायला घेतला, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी काय करून ठेवलं आहे.

"श्री गणेशाय नमः. बरोबर," शेठ म्हणाले. "रास, कन्या. जन्मवेळ, पहाटे. रंग, निमगोरा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बेन, गाडीला रंगाचं काय काम?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण कागद आता त्यांच्या हातात होता, आणि ते थांबायला तयार नव्हते. स्वभाव मनमिळाऊ. आवड, स्वयंपाक व वाचन. मामाचं गाव बोर्डी. अनुभवाच्या रकान्यात टेम्पोचा उल्लेख एका ओळीत, त्याच्यावर फुगे ऐसपैस पसरलेले. "एवढी वर्षं हवा भरली?" शेठ म्हणाले. मग ते उंचीवर येऊन अडले. "पाच फूट दोन. हे चांगलं लिहिलं. इथे येतो तो प्रत्येक जण सगळं लिहितो, उंची कोणी लिहीत नाही. क्लचला पाय पोचेल तुमचा." आणि शेवटी 'अपेक्षा' वाचताना ते खुर्चीत मागे रेलून इतके हसले की डोळे पुसावे लागले. मी लिहिलं होतं, 'क्लीनर निर्व्यसनी असावा.'

"असा कोणी भेटला तर मला पण सांगा," ते म्हणाले, आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "झाईला चिकूच्या पेट्या भरायच्या आहेत. मी बाजूला बसतो. तिथपर्यंत नीट नेली तर ठीक, नाहीतर तुमचे फुगे बरे."

मी वर चढले. इंजिन सुरू झालं तेव्हाची थरथर तळपायातून पोटापर्यंत आली, आणि खरं सांगते, मला हसूच फुटलं. हायवे सोडून गाडी आत वळली, तशी दोन्ही बाजूंची कापून झालेली भाताची खाचरं सोनेरी पसरली, मधूनच एखादा ताड, एखादा पाडा, सारवलेल्या अंगणात वाळत घातलेलं काहीतरी. शेठ सुरुवातीला दर वळणावर डॅशबोर्ड धरत होते. "हळू, बेन. शेळी आहे. हां. गिअर टाका." डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन बाया रस्त्याच्या कडेला थबकल्या; एकीने वर पाहिलं, मला पाहिलं, आणि दुसरीला ढोसून म्हणाली, "बघ गं, बाई हाकते!" दोघी मोळ्या सावरत खळखळून हसल्या. मीही हॉर्न वाजवला. गाडी रिकामी होती तरी तिचं स्वतःचं असं एक वजन होतं, आणि ते माझ्या मनगटांना शोधत येत होतं.

रेल्वेची लाईन ओलांडली, चिकूच्या वाड्या सुरू झाल्या, गर्द सावलीने रस्त्यावर थंडावा धरला. बऱ्याच वेळात शेठ काही बोलले नाहीत. माझं काहीतरी चुकलं असेल या धास्तीने मी हळूच डावीकडे पाहिलं. त्यांची मान खिडकीशी कलली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, हात मांडीवर सैल पडले होते. शेठ झोपले होते.

झाईच्या वाडीशी मी गाडी इतकी हलकेच उभी केली की त्यांची मानसुद्धा हलली नाही. इंजिन बंद करायला हात गेला आणि थांबला. आवाज बंद झाला असता तर ते नक्की जागे झाले असते. माझ्या लेकीखेरीज आजवर कुणी माझ्या हातांच्या भरवशावर असे डोळे मिटले नव्हते. कामावर नजर ठेवणारी माणसं मी जन्मभर पाहिली, आणि त्यांना पसंत पडण्यासाठी मान मोडून राबले; पण पसंती अशी, मंद घोरत, शेजारी येऊन बसते हे मला ठाऊकच नव्हतं. सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र चकाकत होता. पेट्यांशेजारी उभी असलेली माणसं शेठना उठवायला पुढे येऊ लागली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना थोडं थांबायची खूण केली.